ध्यान कुणाचं होतं?

"दोनशे चौदा!"

ठकी दगडावर उभी राहून ओरडली आणि सगळा तळ गप्प झाला. चुलीपाशी बसलेल्या तिच्या आईचा, बायडाबाईचा, हात भाकरीवरच थांबला. पलीकडे शेळीची धार काढणाऱ्या म्हाकूनं चरवी खाली ठेवली. मी मात्र खूश होऊन टाळी वाजवली, कारण दुपारी चोरून मोजताना माझाही आकडा दोनशे चौदाच आला होता.

"ठके, खाली उतर," तिचे वडील, धुळाआबा, म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण ठकी लगेच उतरली.

"मेंढरं मोजलीस?"

"ताईनं शेकडा शिकिवला. त्येचा सराव केला."

आबांनी माझ्याकडं पाहिलं. "ताई, आमच्यात मोजत न्हाईत. मोजलं की दृष्ट लागती."

"मग एखादं हरवलं तर कळतं कसं, आबा?"

"तुमच्या घरात जेवायला बसल्यावर कोन न्हाई, ते मोजून कळतंय व्हय?"

मी नुसती हसले. बायडाबाई उठली, मूठभर मीठ आणि चार मिरच्या घेऊन तिनं कळपाभोवती फेरी मारली आणि ते सगळं चुलीत टाकलं. ठसक्यानं सगळेच खोकलो. विषय तिथंच संपला, असं मला वाटलं.

ही गोष्ट शहाऐंशीच्या मे महिन्यातली. मी पुण्यात एम. ए.च्या शेवटच्या वर्षाला होते आणि प्रबंधासाठी एका धनगर तळाबरोबर चालत होते. तळ म्हणजे दोनच बिऱ्हाडं, एक धुळाआबा कारंड्यांचं आणि दुसरं त्यांचा चुलतभाऊ म्हाकू याचं. भोरच्या बाजूनं निघून पाऊस लागायच्या आत माण तालुक्यातल्या आपल्या गावी पोचायचं, हा त्यांचा दरसालचा रस्ता. माझ्या काखोटीला छापील तक्त्यांची चळत होती आणि त्यात मेंढ्या किती, नर किती, कोकरं किती, अशा रकान्यांची रांग होती. "आकडे नाहीत तर प्रबंध नाही," असं माझ्या सरांनी बजावलं होतं. एकतीस मेला प्रबंध टंकलेखन करून विभागात द्यायचा होता.

पहिल्याच दिवशी बायडाबाईनं मला अट घातली होती. "आमच्यासंगं नुसतं चालायचं न्हाय. माझ्या पोरीला शिकीव."

पोरगी म्हणजे ठकी, वय वर्षं अकरा. तळ गावी असेल तेवढे महिने ती शाळेत बसायची, बाकीचे महिने मेंढरांमागं. एवढ्यावर ती चौथी झाली होती. पण डोकं असं की मी एक उदाहरण घालावं आणि तिनं दोन सोडवावीत. फलटणला मुलींच्या एका वसतिगृहाची पाचवीसाठी प्रवेश परीक्षा होती, रविवारी, अठरा मेला. मी अर्ज भरून टाकला आणि मग आबांच्या मागं लागले. तीन आठवडे लागले. शेवटी ते "बगू" म्हणाले. त्यांचं "बगू" म्हणजे होच असतं, असं बायडाबाईनं मला हळूच सांगितलं. म्हाकूला मात्र ते पसंत नव्हतं. ठकी गेली तर राखणीचं एक माणूस कमी होणार होतं आणि त्याला स्वतःला बायको-मूल कुणी नव्हतं.

ठकीनं मोजलं तो बुधवार. गुरुवारी दुपारी आम्ही ओढ्याच्या काठी थांबलो होतो. आबा पुढचा मुक्काम बघायला गेले होते, म्हाकू कोकरांना पाणी दाखवत होता आणि बायडाबाई घोड्यावरचं ओझं उतरवत होती. ठकी आणि मी कडुनिंबाखाली पाटी घेऊन भागाकार करत होतो.

पहिली मेंढी पडली तेव्हा मला वाटलं ती बसली. मग दुसरी लडखडली. तिच्या तोंडाला फेस आला होता, पाय थरथरत होते. म्हाकू ओरडत धावला. बायडाबाईनं गुळाचं पाणी केलं आणि सापडेल त्या मेंढीचं तोंड उघडून ते ओतत सुटली. मी आणि ठकी जबडे धरत होतो. अर्ध्या तासात सगळं उरकलं. पाच मेंढ्या गेल्या. त्यातल्या चार म्हाकूच्या होत्या.

आबा परत आले तेव्हा पाची जणी एका ओळीत पडलेल्या होत्या. ते एकेकीपाशी बसले, तिच्या तोंडात बोट घालून पाहिलं, पोटावरून हात फिरवला. म्हाकू त्यांच्या डोक्यावर उभा होता. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्याची त्याला शुद्ध नव्हती.

"दादा, ध्यान कुनाचं हुतं?" त्यानं विचारलं. "म्या कोकरांपाशी हुतो. हिकडं ध्यान कुनाचं हुतं?"

ठकी माझ्या मागं सरकली.

आबा उठले, हात धोतराला पुसले. "काल मोजल्याली हाईत, म्हाकू. त्याचंच झालं ह्ये." मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "ताई, मोजायचं याड तुमी आनलंत. उद्याच्या गाडीनं तुमी जावा."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी तेवीस वर्षांची होते, पुस्तकं वाचलेली होती आणि नाकावर माशी बसू देत नव्हते. महिनाभर ज्या माणसाच्या चुलीवर जेवले, तो मला पांढऱ्या पायाची ठरवत होता! आणि एकदा मोजण्यानं मेंढरं मरतात हे पक्कं झालं की पाटीही वाईट, शिकणंही वाईट, रविवारची परीक्षा तर बोलायलाच नको. माझं काय व्हायचं ते होवो, पण ठकीची परीक्षा एका खुळ्या समजुतीपायी मी बुडू देणार नव्हते.

मेंढरं ज्या रानात शिरली होती तिथं मी गेले. ज्वारी काढून नेलेलं रान होतं. आठवड्यापूर्वी वळवाची एक सर येऊन गेली होती आणि सडाला, म्हणजे मागं उरलेल्या खुंटांना, वीतभर हिरवेगार फुटवे आले होते. अर्धे खुडलेले होते. मी मूठभर फुटवे उपटून रुमालात बांधले.

शुक्रवारी सकाळी मी सामान घेऊन निघाले. ठकी रडली. आबांनी नुसते हात जोडले. पण मी गाडीच्या रस्त्याला न लागता तिथून दोन कोसांवरच्या जनावरांच्या दवाखान्यात गेले. डॉक्टर बैलाच्या खुरात अडकून पडले होते, त्यामुळे दुपारपर्यंत पायरीवर बसावं लागलं. मग त्यांनी रुमाल सोडून पाहिला आणि लगेच म्हणाले, "किराळ लागली. ज्वारीच्या कोवळ्या फुटव्यात विष असतं. उपाशी जनावर त्यात शिरलं की घटकाभरात आडवं."

"असं लिहून द्याल?"

"कुणासाठी?"

"त्या धनगरांसाठी. ते म्हणतात, मोजल्यामुळं मेली."

डॉक्टरांनी मला नीट न्याहाळलं. "बाई, धनगराला किराळ माहीत नाही? मला माझ्या बापानं शिकवली, त्याला एका धनगरानं." पण मी हटून बसले, तेव्हा त्यांनी कागदावर दोन ओळी लिहून सही-शिक्का दिला.

त्यांच्या बोलण्यावर मी क्षणभर थांबायला हवं होतं. पण मी तो कागद मुठीत धरून भर उन्हाची परत निघाले. चप्पल वाटेत तुटली तर ती पिशवीत टाकली आणि अनवाणी चालले. वाटभर मी मनातल्या मनात आबांशी भांडत होते आणि दरवेळी जिंकत होते.

दिवस मावळायच्या आधी तळावर पोचले. सगळे तिथंच होते. मेंढरं बसत होती, कोकरं वाघरीच्या जाळीतून डोकी काढून आयांना हाका मारत होती. मी कुणाला रामराम केला नाही. रुमाल आबांपुढं सोडला, कागद वाचून दाखवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "मोजण्यानं काहीही झालेलं नाही. मेंढरं हे फुटवे खाऊन मेली. सरकारी डॉक्टरांची सही आहे."

आबांनी डोळे मिटले.

मला वाटलं, आबा हरले.

म्हाकू पुढं आला. त्यानं फुटवे हातात घेतले, बोटांनी मोडले, वास घेतला. "म्हंजे किराळ," तो सावकाश म्हणाला. "म्हंजे मोजन्याचं न्हवंच काय. मेंढरं रानात शिरली आन् कुनी वळली न्हाईत." तो ठकीकडं वळला. "ठके, त्या बाजूला कोन हुतं?"

ठकीनं मान खाली घातली. "म्या."

"काय करत हुतीस?"

तिची नजर पाटीकडं गेली. पाटी तिथंच, तिच्या बोचक्यावर पडली होती. म्हाकूनं ती उचलून आबांपुढं ठेवली.

"दादा, आता तूच सांग. राखन टाकून पोरगी आकडं गिरवती. माझी चार गेली. हिला शाळंत घालतोस? मेंढराचं ध्यान न्हाई ऱ्हायलं, तिला कशाचं ऱ्हानार?"

तळाचा एक कायदा होता, तो माझ्या तक्त्यातही मी लिहिला होता. ज्याच्या नजरेखालून जनावर गेलं, त्यानं वर्षभर दुसऱ्याच्या कळपाची राखण करायची. आबा तळाचे म्होरके, तो कायदा त्यांनीच आजवर दुसऱ्यांना लावलेला.

"खरं हाय तुजं," आबा म्हणाले. "ठकी न्हाय जायाची."

ते उठून वाघरीच्या पलीकडं गेले. ठकी रडली नाही. तिनं पाटीवरचा भागाकार हातानं पुसला आणि कोकरं सोडायला गेली. ते बघवत नव्हतं.

मी तशीच उभी होते. बायडाबाईनं मला दंडाला धरून चुलीपाशी बसवलं, तांब्याभर पाणी दिलं.

"तुला काय वाटलं, त्येला म्हाईत न्हवतं?" ती पुटपुटली. "मेल्याली मेंढी तपासली तवाच तिच्या दाताखालचा कोंब त्यानं काढला. माझ्या म्होरं मातीत पुरला. मोजलं म्हनून मेली म्हनलं की खापर तुज्यावर. तू काय, पाहुनी. आज हाईस, उद्या न्हाईस. पोरगी सुटली असती. म्हाकूबी गप झाला असता. रविवारच्या परीक्षंला म्या तिला गपचूप फलटनला नेनार हुते."

मी तांब्या खाली ठेवला.

"त्यानं मला सांगायचं तरी," मी म्हणाले.

"सांगितलं असतं तर तू गेली असतीस?"

नसते गेले. खोट्यात भाग घ्यायचा नाही असं काहीतरी बोलून तिथंच वाद घातला असता. बायडाबाईनं महिनाभरात माझा तक्ता माझ्यापेक्षा पक्का भरला होता.

आता एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. ती मी तोवर कुणाला सांगितली नव्हती आणि इथंही मघाशी वगळली. त्या दुपारी कडुनिंबाखाली ठकी म्हणाली होती, "ताई, मेंढरं सडाकडं सरकत्यात." मी म्हटलं, "सरकू देत. हे आधी पुरं कर." थोड्या वेळानं ती उठलीच. मी तिचा परकर धरून तिला खाली बसवलं. "परीक्षेत अशीच उठून जाशील का?" असं विचारलं. ती बसली. मी शिकवणारी होते, तिनं माझं ऐकलं.

गुरुवारी म्हाकूनं ध्यान कुणाचं होतं असं विचारलं, तेव्हा मला हे आठवत होतं. मी गप्प बसले. शुक्रवारी दोन कोस चालतानाही आठवत होतं. किराळ सिद्ध करायच्या नादात मी ते पायाखाली दाबून टाकलं होतं. शरम वाटते लिहिताना, पण असंच झालं.

मी उठून आबांकडं गेले. ते एका मेंढीच्या पायातला काटा काढत होते. मी परकर धरल्याचं सांगितलं. सगळं सांगितलं. त्यांनी काटा उपसून फेकला.

"आबा, चुकलं माझं."

"चुकलं त्यात मेंढरं गेली," ते म्हणाले. "आता पोरगी घालवू नगंस."

पहिल्यांदाच ते मला एकेरीत बोलले. आणि त्या शब्दांवर मी सकाळपर्यंत जागी राहिले.

शनिवारी तांबडं फुटताच मी म्हाकूसमोर जाऊन उभी राहिले. तो तोंड धूत होता.

"म्हाकूतात्या, ठकीला मेंढरं सरकताना दिसली होती, ती उठलीही होती. मी तिला बसवलं. परकर धरून बसवलं. ध्यान तिचं होतं, हात माझा होता. तुमच्या चार मेंढ्या माझ्या नजरेखालून गेल्या."

त्यानं तोंड पुसलं. "ह्ये परवा का न्हाई बोललासा?"

"भ्याले."

"आन् आज?"

"आजही भिते. पण दुपारची गाडी चुकली तर तिची परीक्षा गेली."

त्यानं पंचा खांद्यावर टाकला. मग चिडून बोलला, पण कालच्याइतका नाही. "आन् मेंढरामागं कोन? बायडा वैनी तिच्यासंगं जानार. दादा म्होरं, म्या मागं, कडंला कोन? तुमी?"

"मी."

तो हसला. "दोन दिस?"

"तुम्ही म्हणाल तितके."

"कायदा वरसाचा हाय. तुमच्यानं वरीस हुयाचं न्हाय. गाव येईस्तवर चाला. दहा जूनपातुर. त्या वह्या घोड्यावर टाकायच्या आन् हातात काठी घ्यायची. मंजूर?"

एकतीस मे मधेच येत होता. प्रबंध गेला, म्हणजे वर्ष गेलं. घरी वडील आणि विभागात सर, दोघांचेही चेहरे माझ्यासमोर आले. तरी मी हो म्हणायला क्षणही लावला नाही. इतक्या चटकन मी आयुष्यात दुसऱ्या कशालाच हो म्हटलेलं नाही.

म्हाकू आबांकडं वळला. "दादा, राखन ताईवर टाकली. पोरीचं तू बग."

"बगू," आबा म्हणाले. आणि बायडाबाई भाकरी बांधायला उठली.

त्या सकाळी ठकीची तयारी करताना सगळ्यांची त्रेधा उडाली. तिचं लुगड्याचं शिवलेलं एक परकर-पोलकं होतं, ते बायडाबाईनं ओढ्यावर धुऊन काटेरी झुडपावर वाळवलं. मी माझी शिसपेन्सिल टोक करून दिली. म्हाकू कुठूनसा खोबऱ्याचा तुकडा घेऊन आला आणि तो तिच्या बोचक्यात कोंबून, "गाडीत खा, वकू नगंस," एवढंच बोलून निघून गेला.

गाडीचा रस्ता तिथून हाकेच्या अंतरावर होता. ठकी आणि बायडाबाई बांधावरून रस्त्याकडं निघाल्या, आणि आम्ही मेंढरं हलवली. आबांनी मला जाताजाता सांगितलं, "म्होरचं मेंढरू बगायचं न्हाय. कडंचं बगायचं. जिकडं कडंचं, तिकडं समदी."

ऐकायला सोपं होतं. मी कडेला लागले, तोंडानं त्यांच्यासारखा आवाज काढायला गेले तर मेंढरं माझ्याकडं बघून उभी राहिली. काठी आपटली तर उलट्या दिशेला फुटली. उजव्या हाताला पुन्हा एक ज्वारीचं रान होतं, तसंच सडाचं, तसंच हिरवं. कडेच्या दोघी-तिघी मान खाली घालून तिकडं चालू लागल्या. मी धावले. माझ्या धावण्यानं त्या आणखी पांगल्या आणि मागच्या वीस-पंचवीस त्यांच्या मागं निघाल्या.

"म्हाकूतात्या!" मी ओरडले. तो कळपाच्या पार शेपटाला होता. आबा पुढच्या वळणाआड गेले होते.

रस्त्यावरून ठकीनं ते पाहिलं. मला तिची सगळी हालचाल दिसत होती. ती थबकली, तिनं बोचकं आईच्या हातात दिलं, परकर खोचला आणि बांधावरून परत माझ्याकडं धावत सुटली. लांबून गाडीचा धुरळा दिसत होता.

तिनं येऊन एक हाळी घातली असती, तर मेंढरं वळली असती. मला ते माहीत होतं. आणि गाडी गेली असती, हेही माहीत होतं.

"ठके, माघारी जा!" मी बेंबीच्या देठापासून ओरडले.

"ताई, सडात शिरत्यात!"

"शिरू देणार नाही! तू जा! एक पाऊल पुढं टाकलंस तर याद राख!"

ती बांधावर उभी राहिली. एकदा मेंढरांकडं, एकदा रस्त्याकडं. बायडाबाई तिथून हाका मारत होती. मी पाठ फिरवली. तिच्याकडं बघत राहिले असते तर ती आलीच असती. मी हातातली काठी आडवी धरून सडात घुसले, मेंढरांच्या पुढं गेले आणि दोन्ही हात पसरून त्यांच्या तोंडावर उभी राहिले. पहिली अंगावर आली तिला मी मानेला धरून ढकललं. दुसरी माझ्या पायांत शिरली आणि मी पडले. पायात धसकटं घुसली. उठले, पुन्हा त्यांना आडवी गेले. शिव्या दिल्या. त्या अस्सल धनगरी होत्या, महिन्याभरात कुठून कानावर पडल्या होत्या कोण जाणे. कडेची एक म्हातारी मेंढी अखेर वळली, आणि तिच्यामागं बाकीच्या, नाराज झाल्यासारख्या, एकेक करत ओढ्याकडं निघाल्या. एकीनंही फुटव्याला तोंड लावलं नव्हतं. मी प्रत्येकीचं तोंड बघितलं.

मधे कधीतरी गाडी थांबल्याचा आणि निघाल्याचा आवाज आला होता. पण वर बघायला मला सवड नव्हती. शेवटची मेंढी बांधाच्या अलीकडं आल्यावर मी मान वर केली.

बांधावर कोणी नव्हतं. रस्त्यावरही कोणी नव्हतं.